नावातली नदी

आमच्या मालवाहतुकीच्या ऑफिसातला जर्मन साहेब चहा पिताना शहरांच्या नावांची फोड करून सांगायचा. ड्युसेल नदीकाठचं गाव, म्हणून ड्युसेलडॉर्फ. रोटे नदीवर धरण बांधलं, म्हणून रॉटरडॅम. कंटेनरच्या कागदांवर रोज दिसणारी ती नावं मला अर्थासकट पाठ झाली. इथे आखातात, गुदैबिया भागातल्या आमच्या खोलीवर मी ती रूममेटला ऐकवायचो. तो कोकणातला, आमच्याच कंपनीत ड्रायव्हर. एकदा म्हणाला, "आमच्या गावच्या नावातपण नदी आहे." मी हं म्हणून हॅम्बर्गच्या नावाकडे वळलो.

इथे कुणी गाव विचारलं की आम्ही सगळेच मुंबई सांगून मोकळे होतो. खेडं कुणाला कळणार?

गेल्या मार्चमध्ये तो गाडीतच गेला. मृतदेह पाठवायचे कागद माझ्याकडे आले. पासपोर्टवर आणि कंपनीच्या नोंदीत मुंबईतल्या एका चाळीतल्या खोलीचा पत्ता होता. ती चाळ केव्हाच पाडलेली. फोन लॉक.

"त्याचं गाव कुठलं?" साहेबानं विचारलं. "तू तर त्याच्यासोबत राहायचास."

नऊ वर्षं राहिलो. एवढा शहाणा मी, मला इतकंच माहीत होतं की त्या नावात नदी आहे.