दूधकट्ट्यावरचा गुप्तहेर

बाळांनो, रविवारी व्हिडिओ फोन लागला की तुम्ही हल्ली आधी विचारता, "धाकटी आजी कुठाय?" धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ, मुरगूडची. ती तुम्हाला गुप्तहेराची गोष्ट सांगते. ती गोष्ट मुळात इंग्रजी. त्या स्वस्त, पातळ पुस्तकांची अख्खी मालिका मी कॉलेजात असताना ओळीने वाचली होती. जावेने वाचलं ते भाड्याच्या वाचनालयातलं मराठी रूपांतर. त्यात लंडनचं कोल्हापूर झालेलं. त्यावर तिची स्वतःची भर वेगळीच.

मूळ गोष्टीत एक सावकार गुत्त्यात दारू पिऊन मरतो. जावेने गुत्ता काढून आपला दूधकट्टा घातला, जिथे म्हैस समोर पिळून दूध देतात.

मी शेजारून म्हणाले, "विष बाटलीत होतं."

"अक्का, कट्ट्यावर बाटली कुठली ओ? धार थेट पेल्यात. मग इष काय म्हशीत घालायचं व्हय?"

तुम्ही खिदळलात. ती ऐटीत म्हणाली, "म्हणून तर गुप्तहेरानं वळखलं की! इष पेल्याच्या बुडाला आधीच लावलेलं."

ही युक्ती मुळापेक्षा सरस होती. तेच मला सोसेना.

गेल्या शनिवारी मेथी निवडताना तिने हळूच विचारलं, "अक्का, खून कुणी केलता ओ? मला आठवंनाच झालंय."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, "शेवट मी सांगते."

रविवारी मी सगळे पुरावे क्रमाने मांडले. खुनी सावकाराचा पुतण्या, वारशासाठी. तुम्ही "थँक्यू, आजी" म्हणालात. लगेच तुमच्यातल्या थोरलीने विचारलं, "धाकटी आजी, आता आपल्या गोष्टीत कुणी केला ते सांग."

आपल्या!

जावेने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या आजीनं सांगितला त्योच की," ती म्हणाली. तुमचे चेहरे उतरले. तुमच्या हसण्यापेक्षा तिची ही दया मला जास्त झोंबली.

"तो कसा असेल?" मी फटकन म्हणाले. "पुतण्या कट्ट्यावर फिरकलाच नव्हता. तिथले पेले कोण धुतं?"

"गवळ्याची बायको," जाऊ म्हणाली, आणि तिचे डोळे चमकले. "आन् तिचं घर सावकारानं गिळलेलं!"

तुम्ही टाळ्या पिटल्यात, तिच्यासाठी. प्रश्न मी विचारला होता, एवढं ध्यानात असू द्या.