भिंगबाईंनी तपासलेला कागद

आमच्या सासूबाईंना छापखान्यात भिंगबाई म्हणतात. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो ना, तो छापायला जाण्याआधी त्या भिंग लावून तपासतात. बावीस वर्षं हेच काम. एक काना निसटू देत नाहीत, आणि घरात मला! भाजी जाड चिरली, दार जोरात लावलं, सगळं त्यांना बरोबर दिसतं. स्पष्टच सांगते, मला ही बाई आवडत नाही.

माझी मुलगी अडीच वर्षांची. तिला सारखा दम लागायचा म्हणून डॉक्टरांनी रोज संध्याकाळी एक गोळी चघळायला दिली होती. त्याला आठ महिने झाले. दम थांबला, खोटं कशाला बोलू? पण त्याच सुमारास पोरीची झोप उडाली. तासातासाला किंचाळत उठायची, डोळे उघडे, पण मला ओळखायची नाही. दिवसभर नुसती किरकिर. मी दोनदा म्हटलं, "गोळीमुळे तर होत नसेल?"

"गोळीवर ढकलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "आई कामावर, पोर पाळणाघरात. बिथरेल नाही तर काय! मी दोन वाढवली, एकानंही असा छळ मांडला नाही."

मी वजनकाट्यांच्या कारखान्यात होते. तयार काट्यावर वजनं ठेवून तो खरा बोलतो का बघायचं. तिथे मला कुणी शिकवायला येत नसे, म्हणून ती नोकरी मला जीव की प्राण. पण घरी रोज तेच टुमणं, आणि नवरा मूग गिळून गप्प. शेवटी डोकं फिरलं आणि सोमवारी राजीनामा देऊन आले.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"बघ आता कशी झोपते ते," त्या म्हणाल्या.

कसली झोपतेय! शुक्रवारी सकाळी फरशी पुसताना टेबलाला धक्का लागला आणि पायाखालचा कागद सरकला. टेबल डुगडुगतं म्हणून सासूबाईंनीच तो खुपसला होता, गोळीच्या खोक्यातला. उलगडला. 'लहान मुलांमध्ये झोप मोडणे, झोपेत किंचाळणे, चिडचिड. असे आढळल्यास डॉक्टरांना कळवावे.' खाली कोपऱ्यात सासूबाईंच्याच छापखान्याचं नाव. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या चहा पीत होत्या. कागद समोर आपटला. "वाचा!"

त्यांनी पिशवीतून भिंग काढलं. ओळीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "यात काही चूक नाहीये."

"चूक नाहीच आहे हो! तेच तर सांगतेय मी!"

त्यांनी परत पाहिलं. या वेळी भिंग न लावता. चहा तसाच राहिला.

दुपारी आम्ही दोघी पोरीला घेऊन दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "काही मुलांना या गोळीनं असं होतं. हिला त्यामुळेच होतंय का, ते बदलून पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार. मनानं बंद केली नाहीत, हे बरं केलंत." त्यांनी दुसरं औषध लिहून दिलं. मग हसत म्हणाले, "खोक्यात कागद असतो, पण वाचतो कोण!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मी वाचलाय. सहा वेळा." डॉक्टरांना काही कळलं नाही.

तीन आठवडे झाले. कारखान्यात माझ्या जागी दुसरी आली. सासूबाईंनी अजून माफीचा म सुद्धा काढलेला नाही. काल दुपारी मात्र नव्या औषधाचा कागद टेबलावर पसरून मला मोठ्यानं वाचून दाखवायला लागल्या, एकेका शब्दावर थांबत.

"हे आठ महिन्यांपूर्वी करायचं होतं," मी म्हटलं. "माझी नोकरी तरी राहिली असती."

"मग राजीनामा काय मी लिहिला होता?"

"लिहायला लावलात!"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. पोर आत दोन तासांपासून झोपली होती. मग आम्ही दोघी कुजबुजत भांडलो.