तक्रार आणि उपकार

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यावर मला ट्रकनं उडवलं तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. सकाळची वेळ होती. माझी स्कूटी माझ्या बाजूनंच चालली होती. समोरून सरळ येणारा ट्रक अचानक माझ्याकडं कलला, एवढंच मी पाहिलं. त्यानंतरचं आठवतं ते रिक्षातलं. माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं आणि तो माणूस रिक्षावाल्याला सांगत होता, "दवाखान्यात घे, कुठं थांबू नको."

तो त्याच ट्रकचा ड्रायव्हर होता. अशा वेळी लोक मारतील या भीतीनं ड्रायव्हर पळून जातात. हा पळाला नाही. माझं ऑपरेशन चाललं होतं तोवर तो बाहेर बसून होता, आणि पोलिसांनी त्याला तिथूनच नेलं. हे मला नवऱ्यानं नंतर सांगितलं.

मांडीत सळई बसली. वॉकर, मग काठी. वर्गात उभं राहून शिकवणं जमेना. नुकसानभरपाईचा दावा लावायचं ठरलं तेव्हा आम्ही क्रांती चौकाजवळच्या एका वकीलबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, "सामनेवाले तिघं. ड्रायव्हर, ट्रकचा मालक आणि विमा कंपनी."

मी विचारलं, "ड्रायव्हरचं नाव काढता नाही का येणार? त्यानं मला वाचवलं."

"नाव काढलं तरी चूक त्याचीच सिद्ध करावी लागते, मॅडम. त्याची चूक ठरली तर ती नोकराची म्हणून मालकावर जाते, आणि मालकावरून कंपनीवर. मधली पायरी गाळता येत नाही."

घरी येताना मी नवऱ्याला तेच तेच सांगत होते. ज्यानं मला उचललं त्याच्यावर बोट ठेवल्याशिवाय ज्याचा ट्रक होता त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. नवरा म्हणाला, "त्यानं उचललं हे खरंय. पण पाडलं कुणी?" त्याचंही चूक नव्हतं.

कोर्टात तारखेला तो यायचा. मालक कधीच आला नाही, त्याचा वकील यायचा. एकदा बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. तो माझ्या काठीकडं बघत होता. मग म्हणाला, "पाय कसा हाय ताई?"

"चालतंय. जमिनीवर बसता येत नाही."

"माझा डोळा लागला होता," तो म्हणाला. "माल उतरवून आलो, तर मालक म्हणला, दुसरा भरून तयार हाय, निघ. नाय म्हणायला पाहिजे होतं."

"मग हे आत सांगा ना."

"मालकाचा वकील म्हणतो, स्कूटी घसरून मधी आली असं सांग. तसं सांगितलं तर मालक कामावर ठेवणार हाय. मी तसं नाय सांगणार. पण दुसरं काय सांगायचं, ते बी कळंना झालंय."

माझी साक्ष झाली तेव्हा तो मागं दाराजवळ उभा होता. मी पाहिलं तेवढं सांगितलं. मग विमा कंपनीच्या वकिलानं अगदी नरमाईनं विचारलं, "या ड्रायव्हरनंच तुम्हाला दवाखान्यात नेलं?"

"हो."

"म्हणजे त्याच्याविरुद्ध तुमची काही तक्रार नाही?"

हो म्हटलं असतं तर दावा तिथंच लंगडा झाला असता. आणि नुसतं 'तक्रार आहे' म्हणणं जिभेवर येईना. न्यायाधीशांनी मान वर केली. मी म्हणाले, "तक्रार आहे. त्याच्या गाडीनं माझा पाय मोडला. आणि उपकारही आहेत. दोन्ही आहेत."

न्यायाधीशांनी टायपिस्टला एकच वाक्य सांगितलं: साक्षीदाराची ड्रायव्हरविरुद्ध तक्रार आहे. उपकार विचारलेच नव्हते, म्हणून ते लिहिले गेले नाहीत. बाहेर पडताना तो म्हणाला, "बरोबर बोललात." तरी त्याच्या डोळ्यांत बघायला मला जड गेलं.

पुढं तोही साक्षीला उभा राहिला. डोळा लागल्याचं त्यानं सांगितलं, पण मालकानं झोपू दिलं नाही हेही सांगितलं. ड्रायव्हरची चूक ठरली, आणि भरपाई मालकानं व विमा कंपनीनं द्यावी असा निकाल झाला. मालकानं त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं.

त्याच्यावरचा फौजदारी खटला वेगळा होता. तिथंही मला साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलाचे प्रश्न संपल्यावर मीच म्हणाले, "मला अजून एक सांगायचंय. यानंच मला दवाखान्यात पोचवलं." तिथल्या न्यायाधीशांनी ते ऐकून घेतलं आणि लिहूनही घेतलं. शिक्षा झाली ती दंडाची. तुरुंग टळला. माझ्या बोलण्यामुळं टळला की नाही, कोण जाणे. मात्र त्या दिवशी मी कोर्टातून सरळ मान करून बाहेर आले.

तो आता ट्रक चालवत नाही. मुकुंदवाडीकडं एका गोदामात माल लावायचं काम करतो. मध्यंतरी भाजी घेताना त्याची बायको भेटली. कोर्टात पाहिलं होतं म्हणून तिनंच मला ओळखलं. म्हणाली, "ह्ये झोपेत पाय दाबत्यात, ताई. ब्रेक मारल्यागत. मला लई येळा लाथ बसती."

ती हसली. मी तिच्या पिशवीतला जड भोपळा माझ्या पिशवीत घेतला आणि रिक्षा मिळेपर्यंत आम्ही दोघी सावकाश, माझ्या चालीनं, चालत राहिलो.