बुधवारी वर जायचं होतं

रमाकांत उजगरे यांनी चौतीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका आणि दर वर्षी एक पंचांग. ख्रिस्ती माणसाने पंचांग तपासावं यात छापखान्यात कुणालाच वावगं वाटलं नाही, कारण तिथीची घटिका-पळं त्यांच्याइतकी बिनचूक दुसरं कुणी ताडून बघत नसे. त्यांचा नियम एकच होता. आपण अर्थ लावायचा नाही, मूळ प्रतीत आहे ते छापलंय का तेवढं बघायचं. एकदा एका पत्रिकेत नवरदेवाच्या जागी नवरीच्या बापाचं नाव पडलं. चूक मूळ प्रतीतलीच. उजगऱ्यांनी ती तशीच जाऊ दिली. मालक ओरडले, पत्रिका परत छापाव्या लागल्या, आणि उजगरे शांतपणे म्हणाले, "प्रतीत तसंच होतं."

आज स्वतःची थट्टा करायची लहर आली की ते ही गोष्ट आधी सांगतात. म्हणजे पुढचं ऐकणाऱ्याला फार धक्का बसत नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी हाच नियम पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला लावला. जग सहा दिवसांत झालं म्हणजे सहाच दिवसांत, रविवार ते शुक्रवार. स्वर्गातून उतरणाऱ्या नव्या नगराची लांबी, रुंदी आणि उंची सारखी, असं बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकात आहे, तर ती सारखीच. त्यांनी त्या मापाचे किलोमीटर करून पाहिले. प्रत्येक बाजू सुमारे दोन हजार दोनशे भरली. शनिवारच्या अभ्यासवर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी आकडा आदराने उतरवून घेतला. ठाकूरद्वारच्या वाडीत, आपल्या मजल्यावरच्या तात्यांना सांगितलं, तेव्हा तात्या म्हणाले, "दोन हजार किलोमीटर उंच? मगे लिफ्ट?"

तात्या म्हणजे कॉटन ग्रीनच्या गोदामातले जुने मुकादम. वय ब्याऐंशी, मनगट अजून गोदामातलंच. उजगऱ्यांनी त्या रात्री लिफ्ट शोधून पाहिली. शास्त्रात त्याबद्दल काही नव्हतं.

भविष्यवाणीचं गणित त्यांनी सुरू केलं ते बायको गेल्यावर. सुचित्राबाई गेल्या त्या वर्षीच्या नाताळात त्यांनी पहिली वही आणली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तीन वर्षं त्यांच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच्या मजकुरातला निसटलेला अनुस्वार त्यांना हातभर अंतरावरून दिसे, पण हे दिसलं नाही.

दानीएलाच्या पुस्तकातल्या दिवसांची त्यांनी वर्षं केली. त्यात एका जुन्या राजाज्ञेचं साल मिळवलं. उत्तर आलं, हेच वर्ष. प्रभू ढगांतून येणार, कर्णा वाजणार, मेलेले आधी उठणार आणि मग जिवंत विश्वासणारे वर उचलले जाणार. कर्णा म्हटल्यावर यहुद्यांचा कर्ण्यांचा सण आला. तो लागतो अमावास्येनंतरच्या सूर्यास्ताला. पंचांग तर त्यांच्या हाताखालून गेलेलं, म्हणून अमावास्या लगेच सापडली. ती नेमकी सर्वपित्री होती, आणि त्या वर्षी गांधी जयंतीच्या दिवशी आली होती.

चर्चच्या पाळकसाहेबांनी वही शांतपणे चाळली. म्हणाले, "उजगरे, तो दिवस आणि ती घटका कुणालाच ठाऊक नाही, हे तर अक्षरशः लिहिलंय की हो."

"दिवस आणि घटका," उजगरे म्हणाले. "आठवडा ठाऊक नाही असं कुठे लिहिलंय?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि चहा मागवला.

तर उजगऱ्यांनी आठवड्यावरच थांबायचं ठरवलं होतं. दिवस पक्का झाला तो शेजारच्या नलूताईंमुळे. नलूताई महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. उजगरे घराच्या चाव्या आणि एक वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या चपात्या लाटत होत्या.

"नलूताई, पुढच्या आठवड्यात मी जातोय."

"आकांक्षाकडे का? बरं होईल, पोरीला किती दिवसांत भेटला नाहीत."

"नाही. वर."

"वर म्हणजे? महाबळेश्वरला?"

"वर म्हणजे देवाघरी. आता परत यायचं नाही. गॅसचा नंबर, विजेचं बिल, सगळं या वहीत लिहून ठेवलंय. आकांक्षाला समजावून सांगा. ती विश्वासात नाही, त्यामुळे तिला कदाचित मागे राहावं लागेल."

नलूताईंचं लाटणं थांबलं. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग दूध कधीपासून बंद करू?"

उजगऱ्यांना हा प्रश्न फार रास्त वाटला. आठवडा सांगून भागत नाही, दूधवाल्याला तारीखच लागते. त्यांनी तिथल्या तिथे विचार केला. "बुधवारचं घ्या. गुरुवारचं नको."

चाळीस वर्षं मुलांकडून खरं काढून घेतलेल्या बाईने आपल्याकडूनही ते काढून घेतलं, हे कळायला त्यांना बुधवारची संध्याकाळ व्हावी लागली.

पुढच्या चार दिवसांत त्यांनी मिक्सर नलूताईंना दिला, कढीपत्त्याची कुंडी तळमजल्यावरच्या स्वप्नीलच्या आईला आणि भिंतीवरचं घड्याळ तात्यांना. एरवी चमचा दिला तरी "असू दे, असू दे" म्हणणारी वाडी सगळं मुकाट्याने घेत होती. लोकांची मनं देवाने तयार केली आहेत, असं उजगऱ्यांना वाटलं.

बुधवारी सकाळी त्यांनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला. चष्मा बरोबर घ्यावा की तिथे तो लागणारच नाही, यावर ते बराच वेळ विचार करत होते. तेवढ्यात तात्या खुर्ची घेऊन आले आणि दाराच्या मधोमध बसले.

"तात्या, आत या ना."

"बरा आसा हयसर. वारो येता."

मागून स्वप्नील पाना घेऊन आला. नळ गळतोय म्हणाला आणि न्हाणीघराची आतली कडी काढून घेऊन गेला. नलूताईंनी कपड्यांची दोरी नेली, धुवायला. दोरी कोण धुतं? पण उजगऱ्यांनी विचारलं नाही. सुरी धार लावायला गेली. फिनेलची बाटली, ढेकणांचं औषध, सुचित्राबाईंच्या उरलेल्या गोळ्या, एकेक वस्तू कुणी ना कुणी उचलली. आणि लोक मात्र येत राहिले. सुट्टीच होती. पलंगावर, खिडकीत, खाली सतरंजीवर, जागा मिळेल तिथे माणसं बसली.

उजगऱ्यांचा ऊर भरून आला. बत्तीस वर्षं ते या वाडीत राहत होते. नाताळाची करंजी सोडून दुसरं कुठलंच ख्रिस्ती तत्त्व त्यांच्याकडून कुणी घेतलं नव्हतं. आणि आज शेवटच्या दिवशी हे सगळे आपण होऊन आले. त्यांनी शास्त्र उघडलं आणि सुरुवातीपासून सुरू केलं.

असा श्रोतृवर्ग त्यांना जन्मात मिळाला नव्हता. सगळे प्रत्येक वाक्याला माना डोलावत होते. सात डोकी आणि दहा शिंगं असलेलं श्वापद आलं तरी कुणाला हसू फुटलं नाही. जरा थांबले की तात्या दारातून पुढचा प्रश्न टाकत. "आणि त्या शिंगांचा काय झाला?" नलूताईंनी सगळ्यांना एकच सूचना देऊन ठेवली होती, त्यांना बोलतं ठेवा.

दहाच्या सुमाराला आकांक्षा आली, ठाण्याहून, धावत जिना चढून. तिचे डोळे सुजलेले होते. आठ वर्षांत तिने मंडळीची पायरी चढली नव्हती. तिने आल्या आल्या बापाच्या गळ्यात हात टाकले आणि सोडेचना.

"आलीस," उजगरे म्हणाले. "मला ठाऊक होतं, वेळेवर येशील."

"हो पप्पा," ती म्हणाली. "वेळेवरच आले."

दुपारी नलूताईंनी पान वाढून आणलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, गवारीची शेंग. हा पितरांचा नैवेद्य, आणि मूर्तींना दाखवलेलं अन्न खावं की नाही, यावर प्रेषित पौलाने पत्रांतून बराच खल केला आहे, आणि तो सगळा उजगऱ्यांना पाठ होता. वड्याचा वास आला तेव्हा त्यातलं नेमकं सोयीचं वाक्य त्यांना आठवलं. त्यांनी सहा वडे खाल्ले.

चार वाजता त्यांनी विचारलं, "माझ्याबरोबर प्रार्थना कोण करणार?" तेवीस हात वर गेले. समोरच्या खोलीतल्या हितेंद्रचासुद्धा, ज्याच्या अंगात गणपती मंडळाचा टीशर्ट होता. "आम्ही सगळे करतो काका," स्वप्नील म्हणाला, "पण तुम्ही एकट्याने कुठे जायचं नाही."

सहा वाजले. उजगरे उठले, भांग पाडला आणि म्हणाले, "आता मला पाच मिनिटं एकट्याला गच्चीवर जाऊ द्या."

खोलीत एकदम कालवा झाला. "गच्चीवर नको!" आकांक्षा किंचाळली. तात्यांनी त्यांचं मनगट धरलं ते असं, की हाड मोडतंय की काय असं वाटलं.

"रमाकांता, मेल्या, जीव देऊक चललंस?"



"जीव? मी?" उजगरे म्हणाले. "कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात," नलूताई म्हणाल्या. "देवाघरी जातोय, परत यायचं नाही. चाव्या दिल्यात, मिक्सर दिलात, दूध बंद केलंत."

"अहो, मी शब्दशः म्हणत होतो!"

"आम्हीही शब्दशःच घेतलं."

उजगऱ्यांच्या डोळ्यांसमोरून दोरी गेली, सुरी गेली, कडी गेली. ते सतरंजीवर बसले. खरं सांगायचं तर आधी त्यांना रागच आला. जीव वाचल्याचा आनंद वगैरे नाही, तर वचन ऐकायला एकही जण आला नव्हता याचा. सात डोक्यांच्या श्वापदावर त्यांनी दीड तास घालवला होता! मग त्यांनी दाराकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांचे तात्या सकाळी सातपासून तिथे लाकडी खुर्चीत बसून होते, आणि तेही मूळव्याध असताना.

आकांक्षा शेजारी बसली. हळूच म्हणाली, "पप्पा, मम्मीकडे जायची घाई झाली होती का?"

मेलेले आधी उठतील, मग आपण ढगांत त्यांना भेटू, हे वचन सांगायला त्यांनी तोंड उघडलं. "हो गं," एवढंच म्हणाले.

सूर्यास्ताला दहा मिनिटं होती. इतकं गणित केलंय तर निदान बघावं तरी, असं त्यांना वाटलं. शेवटी सगळेच गच्चीवर गेले. तात्यांना दोघांनी धरून नेलं. नलूताईंनी उजगऱ्यांच्या शर्टाचं टोक मुठीत घट्ट पकडलं होतं. चौपाटीच्या बाजूला टॉवरांच्या फटीत सूर्य लाल होऊन उतरत होता. ढग होते. आणि तेवढ्यात, अगदी स्पष्ट, कर्णा वाजला.

तेवीस माणसांनी एकदम उजगऱ्यांकडे बघितलं. त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या. देवाने नाही, त्यांनीच उचलल्या होत्या. पण उचलल्या होत्या, हे ते आजही कबूल करतात. नलूताईंनी शर्टाला हिसका दिला.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. ठाकूरद्वारच्या नाक्यावरून कुठल्याशा मंडळाची देवी येत होती आणि पुढे बँड होता. ट्रम्पेटवाल्याने एक लांब सूर लावून बघितला, खाकरला आणि सिनेमातलं एक गाणं सुरू केलं. हितेंद्रला पहिलं हसू फुटलं. मग नलूताईंना. मग पदराने डोळे पुसत स्वप्नीलच्या आईला. शेवटी उजगरेही हसले, आणि इतके हसले की तात्यांनी परत मनगट धरलं.

त्या रविवारी आकांक्षाने सगळी वही वाचली. "पप्पा, तुम्ही म्हणता शास्त्र अक्षरशः घ्यायचं. मग इथे दिवसाचं वर्ष कसं केलंत?" उजगऱ्यांनी वही तिच्या हातातून घेतली. वही चाळताना त्यांना दुसरी चूक सापडली. इसवी सनाच्या हिशेबात शून्य नावाचं वर्षच नसतं, आणि त्यांनी ते मोजलं होतं. म्हणजे उत्तर एका वर्षाने पुढे सरकत होतं. तीन दिवस ते गुपचूप खूश होते. चौथ्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली. शनिवारी वर्गात उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, वडे आणि टाचांसकट. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी लगेच पेन काढलं. "म्हणजे पुढल्या वर्षी ना?"

"पेन खिशात ठेवा," उजगरे म्हणाले.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे मागवले.

तात्यांचा पहारा मात्र काही सुटला नाही. ते रोज चारला खुर्ची घेऊन येतात. बहुधा संपला म्हणून त्यांना कुणी कळवलंच नाही. चहा झाला की म्हणतात, "वाच." परवा उजगऱ्यांनी दानीएलाची गोष्ट वाचली, सिंहांच्या खंदकातली. देवाने सिंहांची तोंडं बंद केली आणि दानीएल सुखरूप वर आला.

"मगे ते सिंह त्या दिवशी उपाशीच रवले काय रे?"

उजगऱ्यांनी पुढचं वाचलं. ज्यांनी दानीएलाची चुगली केली होती त्यांना राजाने त्याच खंदकात टाकलं, त्यांच्या बायकामुलांसकट. सिंहांनी त्यांची हाडंही फोडली.

तात्यांनी बशी खाली ठेवली. "पोरांनी काय केल्यानी?"

याआधी कुणी विचारलं असतं तर उजगऱ्यांनी त्या काळच्या इराणी राजांच्या कायद्यावर पाऊण तास घेतला असता. त्यांनी ती ओळ परत एकदा वाचली. ती तशीच होती.

"वायट झाला," तात्या म्हणाले.

"हो," उजगरे म्हणाले. "वाईट झालं." मग ते उठले आणि आणखी एक कप चहा टाकला.