भिंत न फोडता

शाळा सोडली सातवीत, गाव सोडलं अठराव्या वर्षी. लातूरकडचा मी, आता कोलशेतच्या सोसायट्यांमध्ये प्लंबिंग करतो. म्हणूनच घशात कॅन्सरची सुरुवात निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली दोन्ही ऑपरेशनं मला चटकन कळली.

एकात मान बाहेरून उघडायची. मग काही दिवस श्वासासाठी गळ्यात नळी, गिळायला नव्यानं शिकायचं, बरं व्हायला वेळ. दुसऱ्यात तोंडातून नळी घालून लेझरनं तेवढाच भाग काढायचा. बाहेर एक टाका नाही.

"म्हणजे भिंत फोडायची, की पाइपातूनच काम करायचं," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

बाई हसल्या. "तसंच. तुमची गाठ लहान आहे, लेझर चालेल. फक्त तोंड पूर्ण उघडायला हवं."

"त्याचं टेन्शन नका घेऊ, मॅडम," बायको म्हणाली. "बंद होत नाही, हाच प्रॉब्लेम आहे."

मला धास्ती एकच, आवाजाची. गावाकडे आईला नीट दिसत नाही. तिच्यासाठी मी म्हणजे फोनवरचा आवाज. तिला आजार सांगितलाच नव्हता. घोगरेपणा सर्दीवर ढकललेला.

लेझर झालं, दुसऱ्या दिवशी घरी आलो. आठवडाभर बोलायचं नाही. मी हुशारीनं कुजबुजायचो. तपासणीला गेलो तेव्हा बाईंनाही कुजबुजत नमस्कार केला, आणि सापडलो. "कुजबुजण्यानंही ताण येतो. एकदम गप्प!" मग बायकोनं लग्नापासूनची सगळी भांडणं एकेक करून उकरली आणि जिंकली. आईला तिनं कळवलं, "नवसाचं मौन धरलंय त्यांनी." आईनं कौतुकानं गावभर केलं.

रिपोर्ट आला, कडा साफ, म्हणजे गाठ पूर्ण निघालेली. बाईंचे उपकार कसे फेडू? म्हटलं, यांच्या घरचा नळ गळला तर धावत जाईन. पण तो मेला गळतच नाही.

आवाज हळूहळू येईल, पण पहिल्यासारखाच येईल असं नाही, हे बाईंनी आधीच सांगितलेलं. आठवडा संपल्यावर फोन लावला. "आई, मी." नळातून नुसती हवा यावी तसं काहीतरी बाहेर पडलं. मी फोन कानाला घट्ट दाबला.

"आधी घास गिळ, मुडद्या!" आई खेकसली. "मौन धरलंस, पण तोंडात भाकर घेऊन बोलायची खोड काही गेली न्हाई तुझी."

तोंडात काहीच नव्हतं.

"हां, गिळला," म्हणालो, आणि खरंच एक आवंढा गिळला.