सटवाईची शाई

मुलाच्या लग्नात मी एकच अट घातली होती, आणि त्या एका अटीवरून सोयरीक मोडता मोडता राहिली. देणंघेणं नको, मानपान नको, फक्त दोघांचं रक्त सिकलसेलसाठी तपासून घेऊ, असं मी म्हटलं. आंजीहून आलेले व्याही, निवृत्त हेडक्लार्क, हातातली बशी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या मुलीचे दात मोजायला मागितले असते तरी त्यांना इतका राग आला नसता.

"मॅडम, पत्रिका पाह्यली ना आपण? पोराची मध्य नाडी, पोरीची अंत्य. नाडी येगळी म्हंजे रक्त येगळं. मंग आता दवाखान्यात काऊन जायचं?"

पत्रिकेतली नाडी, मनगटावरची नाडी आणि अंगातलं रक्त या तिन्ही गोष्टी आमच्याकडे एकच समजल्या जातात. नाडी वेगळी निघाली की रक्ताचं काम झालं. वर खर्चही वाचतो, कारण भटजी सुई टोचत नाही. मी जन्मभर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं, वाटाण्याचे उंच आणि बुटके वेल फळ्यावर काढून काढून माझा खांदा गेला, आणि माझ्याच दिवाणखान्यात एक हेडक्लार्क मला आनुवंशिकता शिकवत होता. मुलगा आणि होणारी सून एकमेकांकडे बघून हसत होते. त्यांचं आधीच ठरलेलं होतं. तपासणीत काही निघालं म्हणून ते लग्न मोडणार नव्हते, आणि मोडणार नसतील तर तपासायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं. लग्न झालं.

तपासणी झाली ती सुनेला दिवस गेल्यावर. दोघंही हाफ निघाले. आमच्याकडे या आजाराची भाषा हॉटेलातल्या चहाची आहे: हाफ आणि फुल. आई किंवा बाप, एकाकडूनच खोट आली तर हाफ, म्हणजे नुसता वाहक. त्याला सहसा काही होत नाही. मी स्वतः हाफ आहे. दोघांकडून आली तर फुल. मग रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, जिथे तिथे अडकतात, हाडं ठणकतात आणि आयुष्य ओढगस्तीत जातं. दोन हाफ एकत्र आले, तर दर खेपेला चारातला एक धोका फुलचा. पोटातलं बाळाभोवतीचं पाणी काढून बाळ फुल आहे का ते आधीच तपासता येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुनेनं नको म्हटलं. "आई, जे येईल ते आपलंच ना," एवढंच ती म्हणाली.

व्याह्यांनी त्यात देवाला ओढलं. "मॅडम, बनवणाऱ्यानं काही इचार करूनच बनवलं असन."

"भाऊ, बनवणाऱ्यानं रक्ताच्या एवढ्या लांबलचक मजकुरात एक अक्षर चुकवलं. तेवढ्यानं माणसं मरतात. तुमच्या ऑफिसात अशी चूक झाली असती तर काय केलं असतं?"

"कारकून चुकत नाई, मॅडम. वरून ड्राफ्टच चुकीचा येते."

वर मीच त्यांना मदत केली. ही खोट हाफ असेल तर मलेरिया जिवावर बेतत नाही, म्हणून ती टिकली, असं मी समजावून सांगितलं. ते खूश झाले. बघा, योजना आहे! मी म्हटलं, योजना आहे खरी, आमच्या पिपरीतल्या रस्त्यासारखी. एका खात्यानं डांबर टाकायचं आणि दुसऱ्यानं नळासाठी ते फोडायचं. एकाला मलेरियातून वाचवायचं आणि त्याच्या नातवाला सांध्यांनी मारायचं. त्यांनी मान डोलावली. सरकारी कामाचा त्यांना अनुभव होता, त्यामुळे देवाबद्दलची त्यांची श्रद्धा उलट बळकट झाली.

माझ्या या सगळ्या कुजकेपणाच्या तळाशी माझा धाकटा भाऊ आहे. अल्लीपूरला माझ्या माहेरचं घर, शेती. भाऊ लहानपणापासून गुडघे धरून रडायचा. आई मोहाचं तेल कोमट करून चोळायची, वात आहे म्हणायची. सिकलसेल हा शब्द आमच्या गावात तेव्हा यायचा होता. दहावीत असताना तो गेला. गावानं नेहमीचं सांगितलं, की सटवाईनं पाचवीला कपाळावर लिहिलं तेवढंच. आईचं मात्र वेगळंच होतं. पाचवीच्या पूजेत कोरा कागद, टाक आणि दौत तिनंच मांडली होती.

"दौतीत शाई तळाले होती वं, बाई. तुह्या बापाले म्हटलं आना, तं ते त्या दिवशी बजारात गेलेच नाई. लिवता लिवता शाई सरली अन् माह्या लेकराचं आयुष्य सरलं."

पुढे मी बी.एस्सी. झाले, आणि ही अंधश्रद्धा दूर करायला उत्साहानं बसले. जमिनीवर खडूनं चौकोन काढला, चार घरं पाडली. अर्धं बाबांकडून, अर्धं तुझ्याकडून, शाईचा काही संबंध नाही. आईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे माह्यातूनच गेलं म्हन," ती म्हणाली. मग मांडीवरच्या सुपातली ज्वारी निवडू लागली. "शाईचंच बरं होतं, बाई. शाई बजारातून आनता तरी आली असती." त्या चौकोनावरून पाय न पडू देता ती उठून गेली. ती वारेपर्यंत मी पुन्हा कधी तिला जीवशास्त्र सांगितलं नाही.

नात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण आंजीहून दवाखाना दूर पडतो, म्हणून ते आमच्याकडे पिपरीला झालं आणि व्याही-विहीणबाई दोघंही मुक्कामाला आले. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासणीला पाठवलं. रिपोर्ट यायला वेळ होता. तोवर सून बाळाला पाजायची, आणि बाळ झोपलं की त्याचे गुडघे हलकेच दाबून बघायची. हात सुजत तर नाहीत ना, बोटं सुजत तर नाहीत ना. इतक्या लहान बाळात काही दिसत नसतं, असं मी तिला सांगितलं. सांगून मीही जाऊन बोटं बघत होते.

पाचवीच्या दिवशी विहीणबाईंनी पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद ठेवला आणि त्यावर पेन. पतसंस्थेनं दिवाळीत वाटलेलं स्टीलचं पेन. मी नाक मुरडून बाजूला बसले होते. जे व्हायचं ते नऊ महिन्यांपूर्वीच झालं होतं, रक्त दवाखान्यात पोचलं होतं, आणि या बाया आता कोऱ्या कागदावर लिहून मागत होत्या. संध्याकाळी सगळे आत बाळाला शेक द्यायला गेले. पाट्यापाशी मी एकटी उरले.

नुसतं पाहू, म्हणून मी पेन उचललं आणि तळहातावर ओढलं. उमटेना. पुन्हा ओढलं. ठार कोरडं. मी, जिनं वर्गात भुताखेतांची, भविष्याची टर उडवली, ती मी उठले, टेबलाचा खण उपसला, आणि रिफिल शोधायला लागले. निळी नव्हतीच. पेपर तपासायची लाल तेवढी शिल्लक होती, नवीकोरी. ती पेनात घातली आणि चालते का ते कागदाच्या कोपऱ्यावर लिहून पाहिलं. नवं पेन चालवताना आधी काय लिहायचं, ही हाताची सवय गेलेली नव्हती. हातानं 'श्री' काढला. मग आतून पावलं ऐकू आली आणि मी पेन जागेवर ठेवून टीव्ही लावला.

सकाळी विहीणबाईंची किंकाळीच ऐकू आली.

"अवो, लिवलं! सटवाईनं लिवलं! श्री लिवलं, लाल!" त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "अन् ताई, मी तं मुद्दाम सुकलेलं पेन ठेवलतं. म्हटलं, तिले काही वाईट लिवताच येऊ नाई. त्यात शाईच नोती!"

एका आईची शाई कमी पडली म्हणून ती जन्मभर रडली, आणि ही बाई शाईच मिळू नये म्हणून धडपडत होती. मधे मी येऊन सटवाईला पूर्ण रिफिल पुरवली होती. आता ती काय काय लिहून गेली असेल? हा विचार माझ्या डोक्यात आला, हे मी शपथेवर सांगते, आणि मला माझाच संताप आला. खरं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात खोलीच्या दारात सून दिसली. तिनं कागद हातात घेतला, 'श्री'वरून बोट फिरवलं आणि हसली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसली. मी तोंड मिटलं. मुलानं कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "सटवाईचा श्री अगदी तुझ्यासारखा आहे गं, आई," तो हळूच म्हणाला आणि चहा ठेवायला गेला. व्याह्यांनी कागदाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

दुपारी फोन आला. मुलानं घेतला. नुसता "हो, हो" म्हणत होता, आणि सून त्याच्या तोंडाकडे बघत बाळाला घट्ट धरून उभी होती. फोन ठेवून तो म्हणाला, "हाफ."

"हाफ!" व्याही ओरडले. "म्हंजे पास!"

सून बाळाच्या गुडघ्यांना तोंड लावून रडली. मीही रडले, अगदी मोठ्यानं. विहीणबाईंनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. व्याह्यांनी चष्मा पुसला, आणि बऱ्याच दिवसांचा प्रश्न त्यांनी आज मोठ्या समाधानानं विचारला.

"आता तरी मानता का, मॅडम? लिवनारा हाये का नाई वरतं?"

मला देव्हाऱ्यातला तो कागद दिसत होता, आणि ज्वारीचं सूप मांडीवर घेतलेली माझी आई.

"लिहिणाऱ्याचं मला माहीत नाही, भाऊ," मी म्हटलं. "पण या वेळी शाई भरपूर होती."