मामंजींची दोरी

आमचे मामंजी सिरिल, यांची सगळी हयात दुधाची गाडी चालवण्यात गेली. गोठ्यागोठ्यांतून कॅन गोळा करायचे आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचे. माणूस लाखातला, पण रविवारी चर्च सुटल्यावर खानावळीत बसले की तोंडाचा पट्टा जो सुटायचा, तो घरून बोलावणं येईपर्यंत थांबायचा नाही. विषय एकच, त्रिग्लाव, आमच्या देशातलं सगळ्यांत उंच शिखर.

आमच्याकडे आयुष्यात एकदा तरी त्रिग्लाव चढला नाही, तर तो माणूस आपल्यातला धरत नाहीत. पहिल्यांदा माथ्यावर पोचलं की वाकून उभं राहायचं, आणि आधी जाऊन आलेल्याने ढुंगणावर दोरीचे फटके द्यायचे. मामंजींकडे त्यासाठी खास दोरी होती, स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला टांगलेली. माथ्यावर कुणी फटके चुकवले, तर हे त्याला खानावळीत गाठायचे. लग्नाच्या वर्षी मी गेले, तेव्हा माझ्या नवऱ्याचा, गाश्परचा, नव्या बायकोवर हात उठेना. मामंजींचा उठला! भर खानावळीत तीन सणसणीत. दोन दिवस मी उभ्याने जेवले. ते मी विसरले असेन असं कुणी समजू नये.

तर यंदा सप्टेंबरातच वर बर्फ पडला, आणि आमच्या लेकीला, ब्रिनाला, दहावं लागलं. जेवताना तिने जाहीर केलं, "मला त्रिग्लावला जायचंय. आणि फटके आजोबांच्याच हातचे हवेत, आजोबांच्याच दोरीने."

मामंजींचा चमचा हवेतच थांबला. "अगं, यंदा बर्फ लवकर पडलाय. माझे गुडघेही... आणि कोंबड्यांकडे कोण बघणार?"

"कोंबड्यांकडे मी बघते," सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या. "जा की. तुम्ही काय, डोळे मिटून चढाल."

पहाटे निघालो. वरच्या धर्मशाळेपर्यंत मामंजी नुसते उधाणले होते. ब्रिनाला सांगत होते, "माथ्यावर दगडी मनोरा आहे. आत हे एवढं लांब टेबल! बारा जण बसून जेवलोय आम्ही."

मी म्हटलं, "मामंजी, मी पाहिला तो मनोरा तर..."

"धुकं असेल तुझ्या वेळी," ते म्हणाले.

धर्मशाळेत पोचलो तर तिथली स्वयंपाकीणबाई मामंजींच्या गळ्यातच पडली. न मागता बार्ली-घेवड्याच्या आमटीचा वाडगा पुढे आला. "बस, सिरिल, तुझा कोपरा मोकळाच आहे. बाकीची मंडळी येतील वर जाऊन."

वाडगा हिंदकळला. ब्रिना आणि गाश्पर बाहेर एकमेकांना बर्फाचे गोळे मारत होते म्हणून बरं. मी मामंजींकडे पाहिलं, त्यांनी आमटीकडे.

"म्हणजे तुम्ही दर वेळी इथवरच?" मी विचारलं.

"उंचीवर मला गरगरतं गं, नेवा," ते पुटपुटले. "पहिल्यांदा इथून परत गेलो, तर गावात सगळे विचारायला लागले, कसं होतं, कसं होतं. मग सांगितलं. एकदा सांगितल्यावर मग दरवर्षी सांगावं लागलं. पोरीला कळू देऊ नकोस. मी इथे सामान राखत बसतो, पायाला लागलं म्हणून सांग."

अय्या! म्हणजे माझे ते तीन फटके बिनहक्काचे! अर्ध्या गावाने फुकटचा मार खाल्ला होता! मला इतकं हसू आलं, आणि इतका रागही, की आधी काय करावं तेच सुचेना. तेवढ्यात दार ढकलून ब्रिना आत आली. "चला ना आजोबा! दोरी घेतलीत ना?"

मामंजींनी तिच्याकडे पाहिलं, आमटी संपवली आणि उठले.

पुढची धार अरुंद, दोन्हीकडे दरी, धरायच्या लोखंडी तारेवर बर्फ. मामंजी चक्क रांगत निघाले, डोळे गच्च मिटून, मारियामातेला हाका मारत. सासूबाईंचं बोलणं मला तेव्हा कळलं.

"आजोबा, तुम्ही असे का चालताय?" ब्रिनाने विचारलं.

"बर्फ किती जाड आहे ते बघतोय," मामंजी म्हणाले.

"डोळे मिटून?"

"हाताने कळतं ते! तू पुढे बघ!"

रांगत का होईना, पोचले. माथ्यावर तो मनोरा उभा, पत्र्याचा, चार माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढा. ब्रिनाने आत डोकं घातलं. "टेबल कुठाय?"

गाश्पर खो खो हसायला लागला. ब्रिना मात्र लगेच वाकून उभी राहिली. "हं, मारा."

मामंजींनी दोरी उगारली. मी टक लावून बघत होते. मारलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी काही बोलणार नव्हते. पण हात वरच राहिला. मग ते वळले, दोरी माझ्या हातात कोंबली आणि नातीच्या शेजारी, बर्फात, खाली वाकले.

"आजोबा?" ब्रिनाने वाकूनच विचारलं. "तुम्हीपण पहिल्यांदाच?"

"हो गं बाळा."

ती म्हणाली, "मग हात धरा माझा. लागेल."

गाश्परचं हसू थांबलं. इतकी वर्षं ज्या क्षणासाठी मी दात खाल्ले, तो समोर वाकून उभा होता, आणि मेला हातच उठेना! ब्रिनाला टपली दिल्यासारखा एक दिला, त्यांना एक.

"जोरात मार गं!" मामंजी ओरडले. "एवढा रांगत आलोय ते काय गोंजारून घ्यायला?"

मग मात्र मी तीन दिले. सणसणीत.

रविवारी खानावळीत त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं, दोरी टेबलावर ठेवली आणि वाकले. रांग पार दाराबाहेर गेली होती. सगळ्यांत पुढे सासूबाई, बाह्या सरसावून.